सिस्टरची वही: बार्देशातल्या एका वृद्धाश्रमाचे प्रकरण

गोव्याच्या बार्देश तालुक्यातल्या एका छोट्या वृद्धाश्रमाचा कारभार बारा वर्षे सांभाळणाऱ्या सिस्टर, म्हणजे एक ख्रिस्ती नन, जुलैच्या पावसात ओल्या व्हरांड्यात घसरल्या. मांडीचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, महिन्याभरात त्या परत आल्या. आश्रमाला फटका बसला तो नोव्हेंबरात, आणि तोही अशा जागी की जिथे तोवर कोणाचे लक्षच गेले नव्हते. वृद्धाश्रम चालवणाऱ्या किंवा तिथे काम करणाऱ्या कोणालाही हे प्रकरण उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहीत आहे. गाव, धर्मसंघ आणि माणसांची नावे मुद्दामच दिलेली नाहीत. बार्देशात एवढ्या तपशिलावरूनही लोक अंदाज बांधतील, त्याला इलाज नाही.

सिस्टर मूळच्या सावंतवाडीकडच्या. घरात मालवणी, शाळेत मराठी, प्रार्थना कोकणीत. एसएससी मराठी माध्यमातून झाली आणि विशीच्या आत त्या गोव्यातल्या एका धर्मसंघात दाखल झाल्या. उमेदवारी, नोव्हिशिएट म्हणजे व्रतांआधीची तयारी, पहिली व्रते, काही वर्षांनी कायमची व्रते, असा तो ठरलेला प्रवास. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञाधारकता या तीन व्रतांपैकी तिसरे सर्वांत जड, असे त्या हसत सांगतात. कुठे राहायचे आणि काय काम करायचे हे वरून ठरते. त्यांच्या बाबतीत ठरले ते शिक्षण: गणित आणि मराठी. १९७५ साली गोव्याचे स्वतःचे शालान्त मंडळ झाले. त्याआधी इथली मुले महाराष्ट्राच्या एसएससीला बसत, त्यामुळे मराठी माध्यमातून शिकलेली सिस्टर कॉन्व्हेंट शाळेला हवीच होती.

त्यांच्या शिक्षकी आयुष्यातला एक काळ पुढच्या गोष्टीशी थेट जोडलेला आहे. १९९० साली गोवा सरकारने प्राथमिक शाळांचे अनुदान देशी भाषांतून शिकवणाऱ्या शाळांपुरते ठेवले आणि डायोसेसन सोसायटी या चर्चच्या शिक्षणसंस्थेच्या प्राथमिक शाळा इंग्रजी सोडून कोकणीकडे वळल्या. कोकणी म्हणजे देवनागरीतली. रोमी (रोमन) लिपीत तेर्साची, म्हणजे जपमाळेची, प्रार्थना वाचणाऱ्या, घरी कोकणी आणि वर्गात इंग्रजी बोलणाऱ्या कितीतरी शिक्षिकांना अक्षरओळखीपासून सुरुवात करावी लागली. आमच्या सिस्टर त्यांच्या शिकवण्या घ्यायच्या. ‘क, ख, ग’ने सुरुवात करायची नाही, हा त्यांचा नियम. प्रत्येकीने आधी आपल्या वर्गातल्या मुलांची नावे देवनागरीत लिहायला शिकायची. हजेरीपट लिहिता आला की निम्मी लिपी आली, बाकीची मागाहून येते. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एका बाईंनी मला हे सांगितले. अजून त्यांना मुलाच्या नावाआधी आडनाव आठवते, कारण पट तसा होता.

शाळेतून निवृत्त झाल्यावर संघाने त्यांना वृद्धाश्रमात पाठवले. ही नेमणूक कशी होते ते जरा उघड बोलायला हवे. कितीतरी धर्मसंघांत, आणि आपल्या मराठी संस्थांतही, म्हाताऱ्यांची सेवा हे निवृत्तीनंतरचे काम समजले जाते. शाळा चालवायला प्रशिक्षण लागते, रुग्णालय चालवायला लागते, वृद्धाश्रमाला फक्त चांगले मन पुरते असा समज. सिस्टरना कोणी वृद्धसेवेचे काही शिकवले नाही. त्यांना येत होता तो वर्ग सांभाळणे. तेच त्यांनी केले.

आश्रमात तीसेक जण. निम्म्याहून अधिक ख्रिस्ती, बाकीचे हिंदू, एक-दोन मुसलमान. २०११च्या जनगणनेत गोव्यातल्या साठीपुढच्या लोकांचे प्रमाण ११.२ टक्के होते आणि देशाचे ८.६. केरळच्या खालोखाल गोवा. पण टक्क्यांपेक्षा माणसे पाहिली की चित्र कळते. एका आजोबांचे दोन्ही मुलगे इंग्लंडात, स्विंडनला. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या माणसाची जन्मनोंद लिस्बनला झाली की त्याच्या मुलांना पोर्तुगीज नागरिकत्वाची वाट मोकळी होते. त्यामुळे या आजोबांची नोंद आधी तिकडे झाली, मग मुलगे गेले. आजोबांच्या जन्माचा कागद लिस्बनला आहे, आजोबा इथे पेजेची वाट पाहत बसलेले. शेजारच्या खाटेवर डिचोलीकडच्या एक आजी. त्या मराठीशिवाय काही बोलायच्या नाहीत आणि सिस्टरवर त्यांचा जीव होता तो त्यामुळेच.

वही

लांबट, कडक पुठ्ठ्याची, शाळेच्या पटासारखी वही. डावीकडे नावे, वर तारखा. प्रत्येक दिवसाच्या चौकोनात चार बारीक खुणा: पे, पो, झो, बो. पेज घेतली का, पोट साफ झाले का, झोप लागली का. चौथी खूण बोलण्याची. दिवसभरात माणूस आपणहून काही बोलला का? विचारल्यावर ‘हो-नाही’ म्हणणे त्यात धरायचे नाही. आपणहून बोलला तर ‘बो’, नाही बोलला तर ‘ना’. सलग दोन दिवस ‘ना’ आले की त्याभोवती लाल वर्तुळ.

या चौथ्या खुणेची किंमत मला एका प्रसंगातून पटली. कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसवर कंडक्टर असलेले एक आजोबा, तोंडाची टकळी अखंड चालू. त्यांच्या नावापुढे दोन ‘ना’ आले. ताप नव्हता, जेवण कमी पण बंद नव्हते. मदतनीस मुलगी म्हणाली, “मूड नसेल.” सिस्टरनी डॉक्टरांना बोलावले आणि रक्त तपासून घेतले. सोडियम उतरलेले होते, रक्तदाबाच्या गोळीपायी. गोळी बदलली, चारेक दिवसांत आजोबा पुन्हा प्रत्येकाला तिकीट विचारू लागले. म्हातारपणी सोडियम उतरणे, लघवीचा संसर्ग, साधी बद्धकोष्ठतासुद्धा सर्वांत आधी डोक्यात दिसते. माणूस गप्प होतो किंवा भलतेच बोलू लागतो. ताप, दुखणे या खुणा मागाहून येतात, कधी येतही नाहीत. हे वैद्यकाच्या पुस्तकात आहे, पण ते रोज टिपायची सोय मी तरी दुसऱ्या कुठल्या आश्रमात पाहिली नाही.

अकराच्या पेजेला हजेरी व्हायची. सिस्टर नाव घेणार, समोरच्याने ‘हजर’ म्हणायचे. मला हे सुरुवातीला बालिश वाटे. एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांना तर अपमानच वाटला: “आम्ही काय शाळेतली पोरं?” सिस्टरनी वाद घातला नाही. त्यांचे नाव पुकारणे बंद केले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना ‘गोमन्तक’ आणि ‘नवप्रभा’ मोठ्याने वाचून दाखवायचे काम दिले. त्यांच्या चौकोनात ‘बो’ आपोआप भरू लागले. महिन्याभराने ते स्वतःच हजेरी घेताना दिसले. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, माटोळीची (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या मांडवीची) यादी डिचोलीच्या आजी सांगणार, आंब्याची डहाळी, कवंडळे, नारळाची पेंड. फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, लादाइनीचे (सामूहिक प्रार्थनागीताचे) सूर कोण धरणार तेही ठरलेले. प्रत्येकाला काहीतरी नेमून दिलेले होते. काम नाही असा माणूस सिस्टरना पटावर खपतच नसे.

सगळे गोडच होते असे नाही. सिस्टर शिस्तीच्या बाबतीत कडक, कधी कधी अन्यायाने कडक. दुपारी कोणी जास्त झोपलेले त्यांना चालत नसे. मधुमेहाच्या एका म्हातारीच्या उशीखालून दोदोल या गोड पदार्थाचा तुकडा त्यांनी सर्वांसमोर काढला होता, ते मला आवडले नाही. आणि किल्ल्या. औषधांच्या कपाटाची, कागदांच्या पेटीची, कोठीची अशा सगळ्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. मदतनीस मुलींना त्या कामे सांगत, पण कामामागचे कारण क्वचितच. वर्गातल्या मुलांना ‘का’ शिकवण्यात आयुष्य गेलेल्या बाईने इथे ते का केले नाही, याचे उत्तर मला नीट सापडलेले नाही. बहुधा मुली वर्षभरात लग्न होऊन किंवा नोकरी लागून जात, म्हणून असेल.

डिचोलीच्या आजींचा मुलगा

आजींनी घर मुलाच्या नावावर करून दिले होते. त्यानंतर दीड वर्षात त्या आश्रमात. मुलगा सुरुवातीला पैसे पाठवी, मग थांबला. २००७च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह मिळू शकतो, आणि सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडली तर कलम २३ खाली परतही मागता येते. अट कागदावर नसली की मात्र वाद लांबतो. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. पोर्तुगीज संहितेतून आलेल्या गोव्याच्या वारसा कायद्यात निम्मी मालमत्ता मुलांसाठी राखीवच असते, त्यामुळे ‘उद्या माझंच होणार ते आज झालं’ असे म्हणायला मुलांची जीभ अडखळत नाही.

सिस्टरनी आजींच्या सांगण्यावरून अर्ज मराठीत स्वतःच्या हाताने लिहिला आणि तो देण्याआधी मुलाला बोलावून घेतले. मुलगा म्हापशाला मामाकडे राहून शिकलेला, त्यांचाच विद्यार्थी. पन्नाशीचा गृहस्थ दाराशी चप्पल काढून उभा.

“बस. चष्मा आणलास?”

“आणलाय, सिस्टर.”

“हे वाच. मोठ्यानं.”

त्याने वाचायला घेतले. “मी अर्जदार, वय ८१, माझे राहते घर…” दुसऱ्या ओळीवर तो थांबला.

“पुढं.”

“सिस्टर, कोर्टकचेरी कशाला?”

“कोर्ट नव्हे, उपजिल्हाधिकारी. पुढं वाच.”

त्याने सगळे वाचले. आजी समोर बसलेल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. त्या दिवसाच्या चौकोनात सिस्टरनी ‘ना’ लिहिले, हे मी नंतर पाहिले. पुढच्या महिन्यापासून पैसे यायला लागले, अर्ज पेटीतच राहिला.

अनेकांना हा प्रसंग फार आवडतो. मला त्यातला धोका दिसतो. मुलगा वठणीवर आला तो बाईंच्या धाकाने, आणि हा धाक एका तालुक्यातल्या एका पिढीपुरताच चालतो. स्विंडनच्या मुलांना कोण बोलावणार? आणि अर्ज पेटीत राहिला याचा अर्थ असा की सिस्टरना काही झाले तर आजींच्या हाती कागदाचा काही आधार नाही. तो अर्ज दाखल करून मग तडजोड नोंदवून घेतली असती, तर तिला आदेशाचे बळ आले असते. मी हे त्यांना तेव्हाही म्हटले होते. “तुमचं बरोबर आहे,” म्हणाल्या आणि पेटीला कुलूप लावले.

पडल्यानंतर

मांडीचे हाड मोडले की शक्यतो दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी असे मानतात. ती वेळेवर झाली. तिसऱ्या रात्री सिस्टर वॉर्डात उठून बसायचा प्रयत्न करू लागल्या, आठवी ‘ब’ची हजेरी घेऊ लागल्या, नळी ओढली. सोबतीला बसलेली मुलगी रडत फोनवर म्हणाली, सिस्टरना वेड लागले. ते वेड नव्हते आणि स्मृतिभ्रंशही नव्हता. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर वृद्धांना असा भ्रम होतो. तो अचानक येतो, दिवसभरात कमीजास्त होतो आणि बहुतेकदा ओसरतो. चष्मा आणि कानातले यंत्र नसेल तर तो वाढतो, आणि दोन्ही वस्तू आश्रमातच राहिल्या होत्या. झारखंडहून आलेली एक तरुण सिस्टर त्या घेऊन गेली, समोर घड्याळ ठेवले, ओळखीचे माणूस सतत जवळ राहील असे पाहिले. आठवड्याभरात डोके ताळ्यावर आले.

त्या परतल्या तेव्हा आश्रम ठीक चाललेला दिसत होता. पेज वेळेवर, औषधे वेळेवर. तरुण सिस्टर हिंदीत शिकलेली, त्यामुळे वहीतली अक्षरे तिला वाचता येत होती. पण ‘बो’ म्हणजे काय हे तिला कोणी सांगितले नव्हते आणि तिने ते ‘बोतल’ समजून सलाइनचा काहीतरी हिशेब असेल म्हणून सोडून दिले होते.

मग नोव्हेंबर आला. निवृत्तिवेतन घेणाऱ्याने नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा, ऐंशीच्या पुढच्या केंद्रीय निवृत्तांना ऑक्टोबरपासून मुभा. आश्रमातल्या दहाबारा जणांना कसले ना कसले निवृत्तिवेतन होते. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिना २,००० रुपये घेणारे त्याहून अधिक, आणि त्यांचे हयातीचे दाखले निराळे. कोणाचे खाते कुठल्या बँकेत, कोणाचा अंगठा यंत्राला उमटत नाही, कोणासाठी बँकेचा माणूस घरी येतो, कोणाच्या आधारवर जुना फोन क्रमांक आहे, हे सगळे सिस्टरच्या डोक्यात. कुठेही लिहिलेले नव्हते. दर वर्षी चवथीनंतर त्या एकेकाला हाताशी धरून हे उरकत आणि बाकीच्यांना हे काम आहे हेसुद्धा माहीत नव्हते. त्या वर्षी त्यांना ते जमले नाही. म्हातारपणी बोटांच्या रेषा झिजतात, अंगठा लागत नाही. चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय फोनवर झाली आहे, पण ती कोणीतरी करून द्यावी लागते. डिसेंबरअखेर काही जणांच्या खात्यात पैसे आले नाहीत. दाखला दिल्यावर थकबाकीसह मिळतात, बुडत नाहीत. पण मधल्या दोन महिन्यांत एका आजोबांच्या इन्शुलिनसाठी आश्रमाला उसनवारी करावी लागली.

थांबलेल्यांत सिस्टरचे स्वतःचे निवृत्तिवेतनही होते. अनुदानित शाळेतल्या सिस्टरचा पगार आणि पुढे निवृत्तिवेतन तिच्या नावावर येते, पण धर्मसंघाच्या कायद्यानुसार ते संघाचे असते. कॅथलिक चर्चच्या कायद्यातल्या कॅनन (कलम) ६६८ मध्ये निवृत्तिवेतन आणि विम्याच्या रकमेचाही उल्लेख आहे. हा पैसा तिचा की संघाचा, हा वाद आयकराच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने सांगितले की अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या धर्मगुरू आणि नन यांच्या पगारातून कर कापला जाईल. पुढे तो संघाला दिला जातो म्हणून सूट नाही. सिस्टरना या निकालात फारसा रस नव्हता. आपल्या निवृत्तिवेतनावर आश्रमाचे गॅस आणि वीजबिल भागते, तेवढे त्यांना ठाऊक होते. ते दोन महिने भागले नाही.

त्यांना कुठे ठेवायचे

संघाच्या आजारी सिस्टरसाठी दुसऱ्या तालुक्यात वेगळी व्यवस्था आहे. प्रोव्हिन्शियल सिस्टर, म्हणजे संघाच्या इथल्या प्रांताच्या प्रमुख, आल्या आणि तिकडे जायचे सुचवले. तिथे परिचारिका आहे, प्रार्थनेला सोबत आहे, आज्ञाधारकतेचे व्रत आहे. सिस्टरनी नकार दिला नाही. “पाठवाल तिथं जाईन. नोव्हेंबर झाला की,” एवढेच म्हणाल्या. त्या इथे राहिल्या तर नव्या सिस्टरला कारभार कधीच हातात घेता येणार नाही, ही प्रोव्हिन्शियलची शंका खरी होती. त्या गेल्या तर तीस माणसांची अर्धी माहिती त्यांच्याबरोबर जाणार, हेही तितकेच खरे.

मार्ग निघाला तो असा: मार्चपर्यंत त्या इथेच, बायकांच्या खोलीत, शेवटच्या खाटेवर. किल्ल्या तरुण सिस्टरकडे. रोज दुपारी तासभर तिने खाटेशी बसायचे आणि एकेका माणसाचा कागद तयार करायचा. नावापासून सुरुवात, अर्थातच. मी त्यातला एक तास पाहिला. सिस्टर सांगत, ती हिंदी वळणाच्या मराठीत लिही, चुकले की सिस्टर खोडत. “‘आधार अपडेट’ लिहू नको. कुणाचा नंबर, कुणाला विचारायचं, ते लिही गो.” त्या मुलीला गोव्यात येऊन वर्षही झाले नव्हते. गोव्यातून संघांत येणाऱ्या मुली घटल्या आहेत, झारखंड, ओडिशा, ईशान्येकडून येणाऱ्यांवर बरेच आश्रम चालतात. त्यांना स्थानिक भाषा शिकवायची व्यवस्था हाच खरे तर वृद्धसेवेचा पहिला खर्च धरायला हवा. पेज कोणीही देईल. डिचोलीच्या आजींशी बोलायला मराठी लागते.

मार्चमध्ये सिस्टर गेल्या. आता आश्रमात हयातीच्या दाखल्यांचा तक्ता कार्यालयाच्या भिंतीवर आहे, दोघींच्या फोनवर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याची आठवण लावलेली आहे. व्हरांड्याला कठडा आणि खरखरीत लादी बसली. आजींचा अर्ज अखेर दाखल होऊन तडजोड नोंदली गेली. वहीच्या जागी छापील कागद आले. पहिल्या छपाईत बोलण्याचा रकाना गाळला होता, ‘मोजता येत नाही’ म्हणून. तरुण सिस्टरने तो परत घालून घेतला.

रात्रीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. रात्री दहा ते सहा एकच मदतनीस असते, तिला रकाने भरायला वेळ नसतो, आणि सिस्टर असताना त्या स्वतः दोनदा उठून फेरी मारत होत्या हे आता कळले आहे. दुसरी रात्रपाळी नेमायची तर तिचा पगार कुठून काढायचा, यावर संघ आणि आश्रमाची समिती यांच्यात अजून पत्रव्यवहार चालू आहे.